सर्वश्रेष्ठ पोंगचाक

नाही हो, सर्दी नाही! सर्दी नाही, खोकला नाही, त्या औषधवाल्या बाईलाही हेच सांगून आलोय, की बाई, घसा बसलाय, नुसता बसलाय, तर ती मान वाकडी करून म्हणते, "भाषण केलंत वाटतं अध्यक्ष?" भाषण! अहो, भाषणानं बसला असता तर छाती पुढे काढून सांगितलं असतं की! तुम्हाला सांगतो, माणसानं आयुष्यात काय वाट्टेल ते विकत घ्यावं, फुटका नांगर घ्यावा, आंधळं डुक्कर घ्यावं, पण ज्याच्यावर सोनेरी अक्षरांत 'सर्वश्रेष्ठ' असं छापलंय ते चुकून घेऊ नये. आणि मी काय वाईट आणलं होतं का? तुम्हीच सांगा ना! सगळ्यांत उत्तम तेच आणलं होतं हो मी!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा क्वाक टेशिक आल्या आल्या रडायलाच लागला. तर मी दोकची गावच्या युवक मंडळाचा अध्यक्ष. हसू नका. अठ्ठावन्न वय आहे माझं, गुडघे कुरकुरतात, पण गावात युवक म्हणावा असा मीच! माझ्याहून लहान गावात फक्त गावप्रमुखाचं कुत्रं, आणि त्याला हिशेब जमत नाही. मग काय, सगळी कामं युवकाच्या गळ्यात. गटार तुंबलं, बोलवा युवकाला. कुणाचा टीव्ही बिघडला, बोलवा युवकाला. आणि वसंतात लसणाची कामं सुरू व्हायच्या आधी महिला मंडळाची सहल निघते, तिच्यात सामान चढवायला, उतरवायला आणि गाणी लावायला कोण? युवक!

सहल कसली म्हणाल तर फुलं बघायला. असं म्हणायचं. आता तुम्हाला सांगतो, बस गावाबाहेर पडली रे पडली की पहिलं काम काय, तर सगळे पडदे ओढून घ्यायचे. फुलं बघायला निघालेली बस, आणि पडदे बंद! कारण धावत्या बसमध्ये उभं राहून नाचायला कायद्यानं मनाई आहे ना, पोलिसानं बघितलं म्हणजे? आमचा पांग ड्रायव्हर दर वर्षी माइकवर बजावतो, "मावश्यांनो, या खेपेला कुणी उठायचं नाही हां, माझं लायसन जाईल," आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत चाळीस बाया उठलेल्या असतात. तो बिचारा आरसा वर फिरवून ठेवतो, म्हणजे बघितलंच नाही असं सांगायला मोकळा.

आणि नाच म्हणजे कसला? ते शहरातले पोरगे असतात बघा, म्हणतात, "काका, आम्ही इलेक्ट्रॉनिक म्युझिकवाले, आम्ही अंधारात नाचतो, दिवे लुकलुकतात, गाणं तासन्‌तास थांबत नाही." अरे बाळांनो, आमच्या पिलरे मावशीचं वय एक्क्याऐंशी, ती तीस वर्षं हेच करतेय, आणि तेसुद्धा वळणाच्या घाटात! दिवे आमच्याही बसच्या छताला आहेत, लाल-हिरवे. बाजा आमचाही विजेचाच. एक माणूस, एक इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आणि एक ते ढोल वाजवणारं यंत्र, झालं, त्याला म्हणतात पोंगचाक. कुंगचाक, कुंगचाक, कुंगचाक... गाणं रडकं असो, विरहाचं असो, कुणाची आई मेलेली असो, खाली यंत्राचं कुंगचाक तेच. आणि या पोंगचाकचा बादशहा कोण? योम दालहो! आमच्या बायांना त्यांच्या नवऱ्यांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण योम दालहो कुठल्या गाण्यातून कुठल्या गाण्यात उडी मारतो ते झोपेतून उठवून विचारा.

उडी! तेच तर खरं. आमच्याकडे त्याची एक कॅसेट होती. त्यात एक गाणं धड पुरं नाही. एक कडवं, की लगेच दुसरं गाणं, त्याचं एक कडवं, की तिसरं, मध्ये श्वास नाही, खाली कुंगचाक चालूच, त्याला म्हणतात मेडली. ती कॅसेट माझ्या बाबांची. बाबा बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे, कारण कॅसेटची बाजू उलटायची जबाबदारी त्यांच्यावर. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? अहो, बाजू संपली की आवाज बंद पडतो ना! आणि तेवढ्यात बाया थंड पडल्या म्हणजे? म्हणून म्हातारा काय करायचा, तर हातानं कॅसेट उलटायची आणि तोंडानं जोरजोरात, "कुंगचाक! कुंगचाक! हे हे! कुंगचाक!" आवाज म्हणाल तर दाराच्या बिजागरीचा. पण थांबायचे नाहीत. दुसरी बाजू सुरू झाली की मग बसायचे, घाम पुसत, मोठा तीर मारल्यासारखे.

बाबा गेले त्याला आता दोन हिवाळे झाले. आणि तेव्हापासून माझी आई बसलीय. म्हणजे आजारी नाही हो! डॉक्टर म्हणतो, "आजींचे गुडघे तुमच्याहून बरे आहेत." पण ती उठतच नाही. सकाळी बसते, टीव्हीकडे तोंड करून, टीव्ही बंद. "आई, टीव्ही लावू का?" "कशाला?" "मग बाहेर येतेस का?" "कशाला?" जेवायला वाढलं तरी, "कशाला?" आणि ही तीच बाई हां, जिला सहलीला बसमधून खाली उतरवायला दोघी लागायच्या, इतकी नाचायची! मागच्या वसंतात ती आलीच नाही. या वर्षी मी आणि बायकोनं कसंबसं तयार केलं. आमची गाय व्यायला झालेली, म्हणून बायको घरी राहिली, पण निघताना माझी कॉलर धरून म्हणाली, "हे बघा, मला फुलांचे फोटो नकोत. आई एकदा तरी उभ्या राहिल्या पाहिजेत. एकदा! नाही राहिल्या, तर तुम्ही पण त्यांच्या शेजारी बसा टीव्हीसमोर, मी दोघांना एकदमच वाढत जाईन."

आता बघा, इतकं सगळं डोक्यावर, आणि बसमध्ये चढतो तर काय! बस नवी कोरी. पांग ड्रायव्हर दात काढून म्हणतो, "कॅसेट? अहो अध्यक्ष, या बसमध्ये सीडी चालते, कॅसेट घालायला भोक शोधून दाखवा, बस तुमची!" माझ्या हातात बाबांची कॅसेट, मागे चाळीस बाया, आणि आई आपली खिडकीला टेकून, पट्टा बांधून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली, शववाहिकेतून निघाल्यासारखी. तोंडचं पाणी पळालं हो माझ्या!

मग महामार्गावर चहापाण्याला थांबलो, तिथं तो गाण्यांच्या ठेल्यावरचा माणूस. मी म्हटलं, "योम दालहो आहे का?" तर तो असा आजूबाजूला बघतो, टेबलाखाली वाकतो, आणि मखमली खोका काढतो, चार सीडींचा! "साहेब, तुम्ही जाणकार दिसता. हे कुणालाही दाखवत नाही मी. सर्वश्रेष्ठ संग्रह! तीस वर्षांतलं निवडक. त्या मेडलीमध्ये काय असतं, चिंध्या! इथं प्रत्येक गाणं अख्खं, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, कलावंताच्या मनात होतं तसं. आत पुस्तिका आहे, फोटोंसकट!" आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? आईसाठी घ्यायचं, मग चिंध्या घ्यायच्या का अख्खं ठाण? सगळ्यांत उत्तम तेच आणलं होतं हो मी!

बस सुटली. पडदे ओढले. मी माइकवर म्हटलं, "भगिनींनो, योम दालहो, सर्वश्रेष्ठ!" काय टाळ्या, काय शिट्ट्या! पहिलं गाणं सुरू... आणि सुरू होतंय, होतंय, होतंय... नुसता ऑर्गन, लांबलचक. अख्खं गाणं ना! कलावंताच्या मनात होतं तसं! बाया हात वर करून उभ्या, खांबासारख्या. पिलरे मावशी ओरडली, "अरे, हा बाजा वाजवतोय का बाजा पुसतोय?" मग एकदाचं कुंगचाक आलं, बाया सुटल्या, वा वा, मी वळून आईकडे बघतो, तिची पर्स जरा हलली की काय... आणि तेवढ्यात गाणं संपायला लागलं. तेही नीट नाही! आवाज हळूहळू बारीक होत जातो ना, तसं. बाया हळूहळू मंद होत गेल्या, कुणाला कळेना नाचायचं का थांबायचं, आणि मग एकदम शांत. काहीच नाही. चार-पाच सेकंद नुसता टायरचा आवाज.

आणि बाया बसल्या.

तुम्हाला सांगतो, हे चार-पाच सेकंद म्हणजे तरुण माणसाला काही नाही, पण ऐंशीच्या बाईचा गुडघा! तो नाचत असतो तोवर नाचतो. एकदा टेकला की संपलं. दुसरं गाणं सुरू झालं, तर उठल्या किती? अर्ध्या. "अगं, हात दे," "अगं, मला मागून ढकल," करेकरेपर्यंत गाणं मध्यावर. तिसऱ्याला त्याच्याही निम्म्या. पिलरे मावशी म्हणाली, "टेशिक, दर गाण्याला क्रेन मागव रे बाबा!"

बरं, हे एवढ्यावर भागलं असतं तरी मी हात जोडले असते. पण ती शांतता! अहो, तीस वर्षं आमच्या बाया त्या न थांबणाऱ्या कुंगचाकच्या आडोशानं एकमेकींच्या कानात काय काय ओरडत आल्यात! कुणाला ऐकू जात नाही म्हणून बिनधास्त. आणि आता मध्येच गाणं थांबलं, आणि त्या शांततेत पिलरे मावशीचा आवाज, घाटात घुमावा तसा: "...आणि ती किमची घरची नाही, बाजारातली आहे, मी डबा बघितला!" झालं! किमची, म्हणजे ते कोबीचं लोणचं, कुणाचं? महिला मंडळाच्या अध्यक्षा सुनबुन आक्कांचं! सकाळपासून प्रत्येकीच्या तोंडात स्वतःच्या हातानं भरवत होत्या, "माझ्या सासूची पद्धत हां." सुनबुन आक्का उठल्या, कोण म्हणालं, कुठं म्हणालं, आणि तेवढ्यात पुढचं गाणं सुरू, म्हणून दोघी कुंगचाकवर भांडल्या, आणि ते संपलं तेव्हा शांततेत सुनबुन आक्का ऐकू आल्या, "...आणि तुझे दात तरी घरचे आहेत का!" अर्धी बस इकडे, अर्धी तिकडे. आता नाचणार कोण? मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

मग सुनबुन आक्का माझ्यावर उलटल्या. "अध्यक्ष! हे काय आणलंत?" मी म्हटलं, "आक्का, उत्तम गाणी आहेत, निवडलेली." त्या म्हणाल्या, "उत्तम कुणी मागितलं होतं? लग्नात जेवायला बसल्यावर एकेक घास चावून झाल्यावर टाळ्या वाजवतं का कुणी? आम्हाला गाणी ऐकायची नाहीयेत, आम्हाला थांबायचं नाहीये!" मागून एक म्हणाली, "ऐकायला घरी रेडिओ आहे की!" आणि दुसरी, "निवडायला काय ते लसणाचं बी आहे?" मी पुस्तिका उघडून दाखवायला गेलो, की बघा, फोटो आहेत, तर पुढचं गाणं लागलं, आणि ते गाणंच नाही! योम दालहो बोलतोय! सावकाश, घसा खाकरत, "रसिकहो, या तीस वर्षांच्या प्रवासाकडे मागे वळून पाहताना..." तुम्हाला सांगतो, चाळीस बाया मागे वळल्या, पण माझ्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आई? आई बसलेली. हललीच नाही. भांडण झालं तरी नाही, हशा झाला तरी नाही. मी जाऊन तिच्यापाशी वाकलो, म्हटलं, "आई, योम दालहो आहे ग. तुझा आवडता." ती म्हणाली, "असेल." मी म्हटलं, "उठतेस का जरा? माझ्यासाठी." माझ्याकडे बघितलं तिनं, अगदी मायेनं हो, आणि म्हणाली, "कशाला?" त्या वेळी मला कळलं की आज घरी जाऊन बायकोला सांगायला माझ्याकडे काहीही नाही.

मी आपला परत जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो. माइक हातात. गाणं चालू होतं, चार-पाच बाया उरल्यासुरल्या नाचत होत्या, आणि ते परत बारीक व्हायला लागलं. बारीक, बारीक... मी बघतोय, पिलरे मावशीचं बूड सीटकडे निघालंय, आता ती बसणार, ती बसली की संपलं, आणि माझ्या तोंडातून... मला काय सुचलं देव जाणे, सुचलं नाहीच, घाबरून बाहेर पडलं: "कुंगचाक! कुंगचाक! हे हे! कुंगचाक!" माइकवर! बेसूर म्हणजे किती, पांग ड्रायव्हरनं दचकून ब्रेकवर पाय ठेवला!

बस हादरली, बाया हसायला लागल्या, आणि मागून मला खट्‌ असा आवाज आला. पट्टा सुटल्याचा. वळून बघतो तर आई उभी! पर्स सीटवर पडलेली, दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, आणि खांदे... ते खांदे मी लहानपणापासून ओळखतो हो! मी थांबलो नाही, डोळ्यांतून पाणी, तोंडातून कुंगचाक. सगळी बस थक्क. सुनबुन आक्कांनी पिलरे मावशीचा हात धरला, दोघी आईकडे बघतायत.

मग पुढचं गाणं सुरू झालं. खरं, सर्वश्रेष्ठ, ऑर्गन, यंत्र, सगळं. मी सुटकेचा श्वास टाकून माइक खाली ठेवला... आणि आई बसली. पट्टा लावला. पर्स मांडीवर.

मी म्हटलं, "अगं, आता तर खरं गाणं लागलं!" ती म्हणाली, "लागू दे."

गाणं संपलं, मी "कुंगचाक!", आई उभी. गाणं लागलं, आई खाली. परत संपलं, परत उभी. सगळ्या बसला कळून चुकलं. मग काय विचारता, सुनबुन आक्का स्वतः पुढे येऊन बसल्या आणि गाणं सुरू झालं रे झालं की बटण दाबून पुढे ढकलायला लागल्या! "बास झालं ते गाणं, मधलं लागू दे, मधलं!" अहो, योम दालहोच्या तीस वर्षांच्या निवडक गाण्यांमधून आमच्या बायांनी काय निवडलं, तर त्यांच्या मधली शांतता, आणि त्या शांततेत कोण, तर मी! फुलं आली आणि गेली, एक माणूस खाली उतरला नाही.

परतीच्या वाटेवर पांग ड्रायव्हरला माझी दया आली. म्हणाला, "अध्यक्ष, माझ्याकडे पेन ड्राइव्ह आहे, त्यात न थांबणारं मेडली आहे, अगदी तुमच्या गावापर्यंत पुरेल." मी म्हटलं, "मेल्या, मग सकाळी काय झोपला होतास?" तो म्हणाला, "तुम्ही खोका इतक्या कौतुकानं आणलात, मी कसं बोलणार?" लावलं. अखंड कुंगचाक, कुठं खंड नाही, बाया खूश, मी पाणी पिऊन सीटवर पडलो, म्हटलं सुटलो. तर मागून आईचा आवाज. दोन हिवाळ्यांत तिनं इतक्या मोठ्यानं काही मागितलं नव्हतं. म्हणाली, "ते बंद करा. हे थांबतच नाही."

आणि चाळीस बायांनी, ज्यांना सकाळी थांबायचं नव्हतं ना, त्याच बायांनी, एका सुरात, "बंद करा!" आता बोला!

घरी पोचलो तर बायको दारात. "उभ्या राहिल्या?" मी नुसती मान डोलावली, आवाज होताच कुठं! तिनं तोंडावर पदर घ्यावा तसा ॲप्रन घेतला आणि आत गेली. आई जोडे काढत होती. मला वाटलं, काहीतरी बोलेल, आईच ती. बोलली की. "आवाज बापावर गेलाय," म्हणाली. मी खूश! मग म्हणाली, "पण तो मध्ये पाणी प्यायचा नाही."

तेव्हापासून ही घशाची रड. कारण घरीही सुटका नाही, टीव्ही आता चालू असतो, पण जाहिराती लागल्या की आवाज बंद करते आणि माझ्याकडे बघते. शरदातली सहल ठरलीय, गुरुवारी निघायचं. आई आत्तापासून पर्स भरून बसलीय. काल मला जवळ बोलावलं, मी म्हटलं आता तरी म्हणेल, पोरा, घशाला जप. तर म्हणते कशी, "टेशिक, तो खोका पुरला नाही रे. या खेपेला आठ सीडींचा आण. आणि गाणी जरा छोटी बघून घे."

आणलाय! काय करता? सगळ्यांत उत्तम तोच आणलाय हो मी.